तुम्ही विचारलंत म्हणून: तहानलेल्यांच्या पाण्यात खोडा का घालता?

नातेवाईक विचारतात, या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं विचारतात, दुसऱ्या खात्यांतले अभियंते तर हटकून विचारतात: "वाळवंटात लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही तिथे पर्यावरणावरचे परिणाम कसले मोजत बसता?" थारमधल्या पाणीपुरवठा योजनांचे परिणाम तपासणं हे माझं काम आहे. एकदा सविस्तरच सांगते.

पाणी नेऊ नका, असं मी आजवर एकाही अहवालात लिहिलेलं नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की आणलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे?

जोधपूरचं उदाहरण घ्या. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसा कालव्याने कायलाना तलावात आलं, नळांना आलं, आणि लोकांनी विहिरी-बावड्यांचा उपसा सोडून दिला. उपशामुळे खाली राहिलेलं भूजल चढू लागलं. त्यात तलावाची, नळांची, गटारांची गळती मिसळली. जुन्या शहरातल्या एका तळघरात मी उतरले आहे. माल फळ्यांवर चढवून ठेवलेला, भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागलेला, कोपऱ्यात खड्डा खणून त्यात मोटर सोडलेली. मोटर बंद पडली की पाणी पायरी चढतं, असं मालक सांगत होते. वाळवंटातलं शहर, आणि तिथे माणूस पाणी बाहेर फेकायला वीजबिल भरतोय! हनुमानगढकडे याच कालव्याच्या लाभक्षेत्रात शेतं चिबड झाली. तिथे त्याला 'सेम' म्हणतात. जमिनीखाली जिप्समचा कडक थर आहे, सिंचनाचं पाणी त्याच्याखाली मुरत नाही. त्या थराचा हिशेब आधी मांडायला हवा होता. पण कालव्याचं काम सुरू झालं १९५८ साली, आणि पर्यावरणीय परिणाम तपासण्याची अधिसूचना आली १९९४ साली.

हे सगळं मी ठामपणे सांगू शकते. पुढचं तितक्या ठामपणे सांगता येत नाही.

जैसलमेरच्या पलीकडे एका गावात बैठक होती. वाढीव योजनेची जलवाहिनी जमिनीखालून जाणार होती, पण पंपांना वीज लागते आणि वीज तारांवरून येते. त्या भागात माळढोक आहे. जड पक्षी, समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. मी हे समजावत असताना मागून एक मध्यमवयीन गृहस्थ उठले.

"मॅडम, तुमच्या घरी नळ आहे?"

"आहे."

"तो बसवण्याआधी कुणी असा अभ्यास केला होता?"

नव्हता केला. नियम नंतर आला, असं मी म्हणाले.

"म्हणजे नियम आमच्यापासून सुरू."

आवाज चढलेला नव्हता. कुणी हसलं नाही. व्यासपीठावरच्या साहेबांनी मला पुढचा मुद्दा घ्यायला सांगितलं. पुढचा मुद्दा होता तारांना लावायच्या चकत्यांचा, पक्ष्यांना तार दिसावी म्हणून. तो मी त्यांच्यासमोर उभी राहून वाचला. बैठकीनंतर त्यांनी स्वतःहून घराजवळचा टाका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, दाखवला. झाकणाला कुलूप. पावसाचं पाणी केव्हाच संपलं होतं, आत टँकरचं विकतचं होतं. त्यांनी कुलूप काढून दोरीने डबा सोडला. तो तळाच्या सिमेंटवर घासल्याचा आवाज आला, आणि वर आला तेव्हा अर्धाही भरलेला नव्हता. त्यातलंच पाणी त्यांनी मला प्यायला दिलं.

पूर्वीची मी यावर म्हणाले असते, की अहवालाने योजना थांबत नाही, सुधारते. चकत्या लावायला कितीसा वेळ लागतो? हे खरंच आहे. पण योजना लांबली की त्या काळात डोक्यावरून पाणी कोण आणतं, हे आमच्या कुठल्या तक्त्यात येतं? उशीर हासुद्धा परिणामच आहे, आणि त्याला आमच्याकडे रकाना नाही. तरीही लगेच दुसरं मन उलट विचारतं: घाईत आलेल्या नळामुळे गावातल्या नाडीकडे, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या तळ्याकडे, दुर्लक्ष होऊन ती गाळाने भरली, तिच्या आगोरावर, म्हणजे जिथून पाणी वाहत तिच्यात येतं त्या मोकळ्या जमिनीवर, घरं झाली, तर उन्हाळ्याच्या तोंडावर नहरबंदी लागल्यावर हीच माणसं कुठे जाणार? कालवा दुरुस्तीसाठी बंद होतो, तहान काही बंद होत नाही.

आणखी एक खटकतं. अभ्यासक्षेत्र सहसा १० किलोमीटरचं धरतात. कालव्याचं हे पाणी सुटतं पंजाबात हरिकेला, सतलज-बियासच्या संगमावर. तिथे वरून लुधियानाच्या बुड्ढा नाल्याची घाण येऊन मिळते. माझ्या १० किलोमीटरांत ती बसत नाही, पण नळात येऊ शकते. जिथून पाणी निघतं आणि जिथे ते शेवटी मुरतं, ती दोन्ही टोकं सोडून मधलाच भाग तपासायला मला सांगितलं जातं. त्याला खोडा म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

हल्ली मी एका गोष्टीवर अडून बसते. नळाच्या निविदेतच सांडपाण्याच्या निचऱ्याचे पैसे नसतील, तर 'परिणाम नगण्य' या वाक्याखाली सही करत नाही. त्याने काम लांबतं. किती लांबलेलं चालेल, यावर माझं माझ्याशीच अजून एकमत झालेलं नाही.