जांभ्याच्या पाण्यात गप्पी आणि मॉली

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता थेट पिल्लं देतात. नर-मादी एकत्र ठेवली की पिल्लं होतातच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. कौशल्य लागतं ते पिल्लं जगवायला, आणि गोव्यात त्याची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांत बहुतेक विहिरी जांभ्यात खणलेल्या. जांभ्यातला चुना कधीच धुऊन गेलेला असतो, म्हणून पाणी हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि आम्ल. माझ्याकडच्या विहिरीच्या पाण्याचा पीएच (आम्लपणाचा आकडा) ६ च्या आसपास आणि जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, जेमतेम २ अंश भरतो. या माशांना पीएच ७.५ च्या जवळपास आणि जीएच १० ते १५ हवा. हलक्या पाण्यात मॉली पंख मिटून एकाच जागी डुलत राहते. त्यावर कितीही औषध टाकलं तरी उपयोग नाही, कारण तिथे उणीव क्षारांची असते. पीएच मोजण्याआधी विहिरीच्या पाण्यात २४ तास हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवावा. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे आकडा खराखुरा येत नाही. नळाच्या पाण्यालाही हेच २४ तास द्यावेत, क्लोरिन उडून जातो.

पाणी जड करायला आपल्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्यांइतकं सोपं आणि फुकट साधन नाही. शिंपल्या उकळायच्या, सांध्यापाशी चिकटून राहिलेलं मांस ब्रशने खरवडून काढायचं, कडक उन्हात चांगल्या वाळवायच्या आणि हातोडीने ज्वारीएवढे तुकडे करायचे. मांसाचा कण राहिला तर तो टाकीत सडतो. ६० लिटरला साधारण २०० ग्रॅम चुरा जाळीच्या पिशवीत घालून, फिल्टरचं पाणी त्यावरून वाहील अशा जागी ठेवतो. पाणी आम्ल असेल तितका चुरा जास्त विरघळतो आणि पीएच ७.५ कडे आला की विरघळणं आपोआप मंदावतं. म्हणूनच मला हा उपाय पाण्यात खायचा सोडा टाकण्यापेक्षा सुरक्षित वाटतो. शिंपल्यांतून कॅल्शियम मिळतं, मॅग्नेशियम जवळजवळ नाही. त्यासाठी १० लिटरला १ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं की जीएच सुमारे २ अंशांनी वाढतो. शिंपल्या भाजून केलेला चुना मात्र चिमूटभरही टाकू नये. पीएच एकदम चढतो आणि मासे तडफडून मरतात.

मासे असलेल्या जुन्या टाकीत चुरा घालायचा असेल तर आणखी सावध राहावं. आम्ल पाण्यात माशांपासून येणारा अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ७ च्या वर गेला की त्यातला विषारी भाग वाढत जातो. आधी दोन-तीन वेळा थोडं थोडं पाणी बदलून टाकी स्वच्छ करावी, मग चुरा थोडा थोडा वाढवावा.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १५ इंच उंच, काच ६ मिलिमीटरची. भरल्यावर वजन ७५ किलोच्या घरात जातं, म्हणून खाली सपाट फळी आणि तिच्यावर थर्मोकोलचा ताव हवाच. नवीन टाकी असेल तर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं. पैदाशीच्या टाकीत मी वाळू घालत नाही. उघड्या तळावरची घाण नळीने ओढून काढता येते. फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजचा, कारण पंपवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो. मासे सोडण्याआधी टाकी चार आठवडे चालवावी आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आत जाऊ नये. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. आपल्या पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. हवा थांबली की स्पंजमधले, अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या पावसाआधीच आणून ठेवावा.

एका नराला दोन-तीन माद्या. नर कमी असलेलेच बरे, नाहीतर मादीला श्वास घेऊ देत नाहीत. गप्पीचा गर्भकाळ चार आठवड्यांचा, मॉलीचा थोडा जास्त. पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीकडचा काळा डाग पसरला आणि मादी कोपऱ्यात लपू लागली की दिवस भरत आलेत. त्या वेळी तिला पकडू नये. धक्क्याने अवेळी पिल्लं होतात. अशा पिल्लांच्या पोटाखाली पिवळा बलक दिसतो आणि ती बहुतेक जगत नाहीत. मादीला विण्यासाठी वेगळं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या पैदास-पेटीवर माझा विश्वास नाही, अरुंद जागेत मादी खचते. जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींचा दाट गुंता केला तर पिल्लं मोठ्या माशांपासून लपून त्यात तग धरतात.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची पद्धत आहे, पण त्याने पाणी नासतं. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची ताजी पिल्लं सर्वांत चांगली. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम मिठागराचं जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, जोरात हवा. २८ अंशांवर दिवसभरात फुटतात. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर येतात. एका बाजूला उजेड दाखवावा, केशरी पिल्लं तिथे गोळा होतात. नळीने ओढून तलम फडक्यात गाळायची आणि गोड्या पाण्याने धुऊन द्यायची. अंड्यांचा डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावा. आपल्या दमट हवेत ती लवकर निकामी होतात.

रंगाची निवड करायची असेल तर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळी करायला लागावं. मादीच्या पोटाखालचा पंख पंख्यासारखा राहतो, नराचा टोकदार काडीसारखा होतो. उशीर झाला तर एका मिलनाचं वीर्य मादी महिनोन् महिने साठवते आणि पुढच्या कित्येक विणी त्यातूनच निघतात. दुकानातून आणलेल्या मादीच्या पहिल्या विणींचा बापही म्हणूनच कळत नाही. जोडी जमवायची तर स्वतः वेगळ्या वाढवलेल्या माद्याच घ्याव्यात. जादा झालेले मासे ओहोळात किंवा तळ्यात सोडू नयेत. ते तिथे झपाट्याने वाढतात आणि इथल्या मूळ माशांची पिल्लं खातात.