लिटल रॉकमधला बाक

डॅलसला दादाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका मराठी घरी जेवायला गेलो असताना मी म्हटलं, की मला आर्कान्सामधल्या लिटल रॉकला जायचंय, सेंट्रल हायस्कूल बघायला. यजमान म्हणाले, "त्यापेक्षा हॉट स्प्रिंग्जला जा. ते काळ्या-गोऱ्यांचं जुनं भांडण, त्याच्याशी आपला काय संबंध?" पानावर बसून वाद घालायचा नसतो म्हणून मी विषय सोडला. पण तो प्रश्न काही केल्या पचेना. साताऱ्यात निवृत्त होईपर्यंत मी नववी-दहावीला इतिहास शिकवला आहे, आणि "आपला काय संबंध" हे मागच्या बाकांवरून इतक्यांदा ऐकलंय, की ते चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून आलं की जास्तच लागतं.

हॉट स्प्रिंग्जलाही गेलो. छान आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

लिटल रॉकला पोचलो त्या दिवशी शाळा भरलेली होती. हे सांगायला हवं, कारण सेंट्रल हायस्कूल म्हणजे काचेआड ठेवलेलं स्मारक नाही. ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि रोज भरणारी शाळाही. त्यामुळे आत वाटेल तसं शिरता येत नाही. रेंजरबरोबरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी मार्गदर्शकाबरोबरच्या, फेरीसाठी खूप आधी नाव द्यावं लागतं. आम्हाला जागा मिळाली नाही आणि याची हळहळ मला अजून आहे. समोरच्या कोपऱ्यावरचं अभ्यागत केंद्र मात्र सगळ्यांना खुलं आहे, तिकीट नाही. तिथल्या रेंजरबाईंनी आम्हा तिघांना जितका वेळ दिला, तितका आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर कुणी देईल तर मी त्याचे पाय धरीन.

शाळेची इमारत प्रचंड आहे. १९२७ साली बांधली तेव्हा अमेरिकेतली सर्वांत सुंदर शाळा म्हणून तिचं कौतुक झालं होतं. दर्शनी दारावर चार पुतळे आहेत: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी. ही संधी तेव्हा फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, आणि १९५७ च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णीय मुलं इथे प्रवेश घेऊन आली. राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, बंदूकधारी जवान उभे केले.

त्या नऊ जणांनी एकत्र यायचं, असं नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या डेझी बेट्स यांनी आदल्या रात्री फोन करून कळवलं होतं. त्या नऊ जणांतल्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता, तिला निरोप पोचलाच नाही. ४ सप्टेंबरच्या सकाळी ही १५ वर्षांची मुलगी शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घरी शिवलेला झगा घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून एकटीच बसमधून उतरली. जवानांनी गोऱ्या मुलांना आत सोडलं आणि तिच्यासमोर बंदुका आडव्या केल्या. मागे जमाव ओरडत होता. परत फिरून ती शाळेच्या दुसऱ्या टोकाच्या बसस्टॉपपर्यंत चालत गेली आणि तिथल्या बाकावर बसली. बस येईपर्यंत जमाव तिच्याभोवतीच होता. न्यूयॉर्क टाइम्सचे बेंजामिन फाइन तिच्याशेजारी बसले, ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाई जमावाशी भांडल्या आणि तिच्याबरोबर बसमध्ये चढल्या.

ते अंतर आम्ही चाललो. शाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओकच्या झाडांखालून. मी भरभर चालणारी बाई आहे, तरी मला ते अंतर संपता संपेना. थुंकणाऱ्या माणसांमधून, हातातली वही छातीशी धरून, एक शब्द न बोलता चालायचं म्हणजे काय, ते तिथली फरसबंदी तुडवल्याशिवाय कळत नाही.

त्या टोकाला आता तसाच एक बाक आहे. मूळचा नाही. २०१८ मध्ये या शाळेतल्या मुलांनी पुढाकार घेऊन त्याची प्रतिकृती उभी केली. त्या बाकाजवळ दुसऱ्याच कुठल्यातरी हायस्कूलची सहल थांबली होती. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, गोरी, काळी, लॅटिनो, आणि एक कृष्णवर्णीय शिक्षिका. त्यांच्या हातात तो जगप्रसिद्ध फोटो होता. विल काउंट्स यांनी टिपलेला. पुढे एलिझाबेथ, आणि तिच्या मागे तोंड वेडंवाकडं करून ओरडणारी हेझल ब्रायन. तीही १५ वर्षांचीच.

बाईंनी विचारलं, "या फोटोत तुम्ही कुठे आहात?"

दोघीतिघींनी लगेच एलिझाबेथवर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "नाही. तिची जागा तिने मिळवलेली आहे. तुमची शोधा."

मग कुणी बोलेना. मी शिक्षिका आहे, वर्गातल्या शांततेचे प्रकार मला कळतात. ही उत्तर माहीत नसल्याची शांतता नव्हती. शेवटी एका उंच गोऱ्या मुलाने फोटोच्या अगदी कडेला बोट टेकवलं. "मी इथे असतो. ओरडलो नसतो. पण पुढेही झालो नसतो." त्याचा कान लाल झाला होता. बाईंनी त्याला शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. "बरं. आता हे लिहून काढ," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मुलांना सांगितलं, की हेझलने काही वर्षांनी एलिझाबेथला फोन करून माफी मागितली, १९९७ साली दोघी भेटल्या, मैत्रीही झाली, आणि ती मैत्री टिकली नाही. माफी मागितली आणि सगळं गोड झालं, असा शेवट त्यांनी मुलांना दिला नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, मुलांना रायगडापासून वेरूळपर्यंत फिरवलं, पण इतका चांगला तास पाहिल्याचं आठवत नाही.

माझी भाची तिथेच उभी होती. टेक्सासमध्ये जन्मलेली, अकरावीत शिकणारी. ती मला मराठीत म्हणाली, "आत्या, मी तर या फोटोतच नाही. मला कुठल्या शाळेत घातलं असतं?"

आम्ही त्या बाकावर बसलो आणि मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. मिसिसिपीत मार्था लम नावाची चिनी वंशाची मुलगी होती. तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९२७ साली निकाल लागला, की तिने कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावं. त्याआधी १९२३ साली भगतसिंग थिंद नावाचे भारतीय त्याच न्यायालयात नागरिकत्व मागत होते. त्यांचं म्हणणं होतं, की मी उच्चजातीचा आर्य आहे, म्हणून मला गोरा धरा. या देशात समान वागवलं जावं म्हणून त्यांच्या बाजूने पुढे केली ती जात! न्यायालयाने ते मानलं नाही आणि भारतीयांचा नागरिकत्वाचा मार्ग बंद झाला. पुढे १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतातून इंजिनिअर-डॉक्टर इकडे येऊ लागले. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेल्या हवेतच झाला. एलिझाबेथसारख्या मुलांनी थुंकी झेलली नसती, तर दादाच्या त्या यजमानांचं चार बेडरूमचं घर डॅलसमध्ये नसतं. हा आपला संबंध.

दुसरा संबंध साताऱ्यातला. भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी आमच्या गावातल्या ज्या शाळेत दाखल झाले, तिच्यावरून मी आयुष्यभर ये-जा केली. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. शाळेतला नोकर नळ सोडेल तेव्हाच पाणी. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

केंद्रात आम्हाला कळलं होतं, की सेंट्रल हायस्कूलची मुलं आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतात, त्यांनी पाहिलेल्या, सोसलेल्या किंवा केलेल्या अन्यायांबद्दल, आणि त्यावर निबंध लिहितात. परतीच्या वाटेवर भाचीने साताऱ्याला आजोबांना फोन लावला. तिथे पहाट होती, पण बाबा चारलाच उठतात. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या वर्गात कोण कुठे बसायचं?"

बाबांना वाटलं, शाळेचा अभ्यास असेल. मग ते बोलू लागले. गावच्या शाळेत महारवाड्यातली तीन मुलं दाराशी बसायची. त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. त्यातला एक जण गणितात पहिला यायचा आणि गुरुजी त्याची पाटी हातात न घेता लांबूनच बघायचे. त्या मुलाचं नाव बाबांना आडनावासकट आठवत होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही इतिहासाची शिक्षिका असून कधी विचारलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, "डॅड, आता तू."

दादा म्हणाला, गाडी चालवताना नको. टेक्सारकाना मागे पडल्यावर आपण होऊन बोलायला लागला. त्याच्या ऑफिसात नागपूरचा एक मुलगा नवीन आला होता. टीमच्या जेवणात दुसरा एक मराठी सहकारी त्याला खोदून खोदून विचारत राहिला, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, घरी कुठला देव. शेवटी त्या मुलाने सरळ सांगितलं, की आम्ही बौद्ध आहोत. त्या दिवसापासून तो यांच्या टेबलावर जेवायला येईनासा झाला.

"मग तू काय बोललास?" भाचीने विचारलं.

"काहीच नाही बोललो," दादा म्हणाला. "आणि हे असंच लिही."