नाल्याच्या वरच्या अंगाला

दहिसरला आमच्या इमारतीमागून नदी जाते, पण घरात तिला नदी कुणी म्हणत नाही. आईचं संध्याकाळचं वाक्य ठरलेलं : "नाल्याकडची खिडकी लाव गं." हेच पाणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तुळशी तलावापाशी उगम पावतं, हे समजल्यापासून ते वरच्या अंगाला कसं दिसतं ते एकदा बघायचं होतं. तुळशीच्या धरणापर्यंत आपल्याला सोडत नाहीत. मग कान्हेरी लेण्यांच्या बाजूची, ओढ्याकाठाने जाणारी शिलोंड्याची वाट धरायची ठरवली.

पहिली फेरी फुकट. सोमवारी पार्क बंद असतो. (जन्म दहिसरात गेला आणि हे माहीत नाही!) दुसऱ्या फेरीत तिकीट काढून आत शिरले, तर कळलं की शिलोंड्याला एकट्याने जायचं नाही, सोबत माहीतगार लागतो आणि निसर्ग माहिती केंद्रात आधी नाव नोंदवावं लागतं. आलेच आहे तर म्हणून भाड्याची सायकल घेतली आणि कान्हेरीचा डांबरी रस्ता धरला. शेवटचा चढ सायकल ढकलतच चढले.

तिसऱ्यांदा मात्र जमलं. फेब्रुवारीतला रविवार, आम्ही आठ जण आणि सोबत पाड्यावरचे एक मामा. डांबर सुटलं की तांबडा मुरूम, मग पायाखाली सरकणारी खडी, पुढे ओढ्यातले गोटेच. सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडायचं, त्यामुळे गप्प चालूनही आमचा गोंगाटच. मामा झाडं सालीवरून ओळखायला लावत होते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल ऐनाची, आणि उघडाबोडका पांढरट उभा तो कांडोळ. कारवीचे नुसते दांडके होते. आठ वर्षांतून एकदाच फुलणारी ती 2024 ला फुलून गेली, म्हणजे आता 2032 पर्यंत थांबा.

ओढा बराचसा आटला होता. काळ्या कातळाच्या खोलगटात तेवढे डोह राहिलेले. एका डोहाच्या काठी ओल्या मातीत ठसा होता. चार बोटं, मागे गादी, नखं नाहीत. "कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्या नखं आत घेऊन चालतो," मामा हळू म्हणाले आणि फोटोत माप कळावं म्हणून ठशाशेजारी त्यांनी आपला मोबाइल ठेवला. त्यानंतर आमच्यातलं कुणीही मागे रेंगाळलं नाही.

डोहाचं पाणी इतकं नितळ, की तळाशी बसलेल्या पानाच्या शिरा दिसत होत्या. मी ओंजळीत घेऊन वास घेतला. काहीच नाही.

मामा हसले. "ताई, हे शेवटी तुमच्याकडेच येतं. इथं काय हुंगता, तिथं पुलाखाली हुंगा."

घरी बूट झटकले तर मूठभर खडी पडली. आईने चिखल बघितला. "नाल्यात उतरलीस की काय?"

म्हटलं, हो.