एका थेंबाचा पंप

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी मला असा पंप हवा होता ज्यात पातं, पडदा, झडप काहीच नाही. चिपवरच्या बारीक वाहिन्यांतून द्रव ढकलायला आम्ही बाहेरून सिरिंज पंप जोडायचो. चिप टपाल तिकिटाएवढी आणि पंप मिक्सरएवढा, हे मला फार खटकायचं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलेली युक्ती वाचली आणि तीच धरली: वाहिनीत द्रवधातूचा एक थेंब बसवायचा आणि विजेच्या जोरावर त्याच्या भोवतीचा द्रव वाहता करायचा.

धातू गॅलिन्स्टन. ६८.५ टक्के गॅलियम, २१.५ इंडियम, १० कथील, हॉटप्लेटवर ढवळून एकजीव केलेले. पुण्याच्या मे महिन्यात गॅलियम बाटलीतच पातळ झालेलं असायचं, कारण ते २९.८ अंशांनाच वितळतं. एकदा त्याचा बारीकसा ठिपका ओरखडे पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पट्टी उचलली तर तेवढा भाग भिजलेल्या बिस्किटासारखा तुटून आला. त्यानंतर त्या टेबलावर मी अ‍ॅल्युमिनियम ठेवलं नाही.

हवेत या थेंबावर लगेच ऑक्साइडची साय धरते आणि तो काचेला चिकटतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती साय विरघळते, थेंब आरशासारखा गोल होतो. (गॉगल आणि हातमोज्यांशिवाय या द्रावणाजवळ जाऊ नका.)

थेंबाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो आणि द्रावणातले धन आयन त्याला बिलगून थर करतात. वाहिनीत थेंबाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज दिलं की द्रावणातला विभव, म्हणजे विजेची पातळी, धनाकडून ऋणाकडे उतरत जातो. थेंब धातूचा, त्याच्यात मात्र सगळीकडे एकच विभव. त्यामुळे धन टोकाकडे थर जास्त भारला जातो आणि तिथला पृष्ठताण उतरतो. पृष्ठताण आणि विद्युतदाब यांचं हे नातं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमान यांनी पाऱ्यावर प्रयोग करून १८७५ च्या प्रबंधात मांडलं होतं, आणि गॅलियमचा शोधही त्याच वर्षीचा! थेंबाची कातडी कमी ताणाकडून जास्त ताणाकडे सरकते आणि लगतच्या द्रावणाला सोबत ओढत नेते.

कागदावर इतकं सरळ. मी डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर वीजपुरवठा दिला, थेंब थरथरला, द्रावण हललं आणि दोन-तीन सेकंदांत सगळं थांबलं. व्होल्टेज वाढवलं तर नुसते बुडबुडे. तीन आठवडे हेच. मग एका संध्याकाळी थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. ऋण इलेक्ट्रोडकडच्या अंगाला राखाडी सुरकुत्या दिसल्या. साय! थेंबाची ती बाजू स्वतःच ऑक्सिडाइझ होत होती आणि सोडा जेवढी साय विरघळवत होता त्याहून वेगाने नवी धरत होती.

म्हणजे थेंबाला उसंत हवी होती. फंक्शन जनरेटरवर, म्हणजे हव्या त्या आकाराची विजेची लहर देणाऱ्या यंत्रावर, चौकोनी लहर लावली, शून्य ते ५ व्होल्ट, २०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला २०० वेळा. प्रत्येक वेळी व्होल्टेज शून्यावर येतं तेवढ्यात साय विरघळते. थेंब चकचकीत राहिला. ऋण इलेक्ट्रोडवरचे हायड्रोजनचे बुडबुडे वाहिनी अडवायचे. इलेक्ट्रोड उघड्या कपांत हलवले आणि तोही त्रास गेला.

आता प्रवाह डोळ्यांना दिसायला हवा होता. खाण्याचे रंग सोड्यात टिकेनात. घरून चिमूटभर हळद नेली. आई सांगायची, पूर्वी हळदीपासूनच कुंकू करत. सोड्याच्या थेंबात ती क्षणात लालभडक झाली. तो लाल ठिपका कपाजवळ सोडला. आधी त्याची शेपटी लांबली, मग तो धातूच्या थेंबाला वळसा घालून वाहिनीत शिरला, वळणावर रेंगाळला आणि सगळं वर्तुळ फिरून जिथून निघाला तिथे आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

सर काही न बोलता बघत होते. त्यांनी दोन्ही वायरी काढून अदलाबदल करून लावल्या. फिकट होत चाललेला लाल धागा थबकला आणि उलटा निघाला.