जहाज कलले की नावा निकामी

गोव्याच्या समुद्रातली बुडालेली जहाजे म्हटली की बोलणे ग्रँड बेटाच्या आसपासच फिरत राहते. सुंची रीफवरचे सतराव्या शतकातले पोर्तुगीज जहाज, सेंट जॉर्ज रीफवर विखुरलेली 1865 सालचा शिक्का असलेली बासेल मिशनची कौले, एमी शोलवरचा आगबोटीचा बॉयलर. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या ठिकाणी पाण्याखाली उतरून काम केले आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी वाचायला मिळते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्याची माणसे ज्या जहाजांबरोबर तळाला गेली, ती जहाजे इथून हजारो मैलांवर आहेत. ‘पर्शिया’ क्रीट बेटाच्या दक्षिणेला आहे आणि ‘इजिप्त’ फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या पश्चिमेला.

दोन्ही जहाजे पी अँड ओ कंपनीची, दोन्ही मुंबईला यायला निघालेली. या कंपनीच्या जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल आणि सारंग हे मुकादम. खाली बॉयलरपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले. जेवणघर, भटारखाना आणि केबिनी मात्र गोव्यातल्या सासष्टी-बार्देसच्या तारवट्यांच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, हातात. हे तारवटी मुंबईत धोबीतलावच्या आपापल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत आणि तिथून जहाज धरत. अपघाताच्या वेळी कोण कुठे असणार, ते या वाटणीने आधीच ठरलेले असे. ‘पर्शिया’वर पाणतीर आदळला 30 डिसेंबर 1915 रोजी दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. जर्मन पाणबुडी यू-38 ने तो कोणतीही सूचना न देता मारला. पाठोपाठ बॉयलर फुटला आणि पाच-दहा मिनिटांत जहाज गेले. 519 पैकी 343 माणसे मेली.

इतक्या थोड्या वेळात काय होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘टायटॅनिक’नंतर सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: जीव वाचवायच्या नावा कमी होत्या. ते खरेच होते. ‘टायटॅनिक’वर 20 नावा होत्या आणि त्यांत 1,178 माणसांची सोय होती, तर जहाजावर सुमारे 2,200 माणसे होती. पण त्या 20 पैकी 18 नावा नीट सोडता आल्या, कारण जहाज बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली आणि त्यातला बराचसा वेळ ते फारसे कलले नाही. त्याचे आडवे बल्कहेड, म्हणजे आतल्या पाणीबंद भिंती, जहाजाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जात होते, त्यामुळे आत शिरलेले पाणी दोन्ही बाजूंना पसरले. जहाज नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खाली गेले, कुशीवर पडले नाही.

‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजाची रचना वेगळी होती. तिचे कोळशाचे बंकर, म्हणजे कोठारे, बॉयलरच्या खोल्यांच्या दोन्ही अंगांना, जहाजाच्या लांबीने होते. युद्धात कोळशाचा थर तोफगोळा अडवील असा त्यामागचा हिशेब. 7 मे 1915 रोजी उजव्या बाजूला पाणतीर लागला, पाणी त्या बाजूच्या बंकरात भरले आणि मधली भिंत त्याला पलीकडे जाऊ देईना. जहाज लगेच उजवीकडे कलले आणि 18 मिनिटांत बुडाले. नावा 48 होत्या, सगळ्यांना पुरतील इतक्या. त्यातल्या फक्त सहा धडपणे सुटल्या. जवळपास 1,200 माणसे गेली.

असे का होते ते पाहण्यासाठी एकच नाव डोळ्यांपुढे आणू. ती दोन डेव्हिटवर, म्हणजे वाकड्या लोखंडी खांबांवर, पुढून एक आणि मागून एक अशा दोन दोरांनी टांगलेली असते. ती उतरवायची तर आधी बंधने सोडायची, मग नाव कठड्याबाहेर फिरवायची, मग दोन्ही दोर अगदी सारख्या वेगाने सैल सोडायचे. जहाज सरळ असेल तर एवढेच. ते उजवीकडे पंधरा अंश कलले की उजवीकडची नाव लोंबकळत कठड्यापासून दोन-अडीच मीटर बाहेर जाते आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईने त्या फटीवरून उडी मारावी अशी वेळ येते. डावीकडची नाव उलट आत झुकते. माणसे भरलेली, टनावारी वजनाची नाव ढकलून बाहेर काढणे जवळपास अशक्य. निघालीच तर ती जहाजाच्या अंगावरून रिव्हेटांच्या डोक्यांवर घासत खाली जाते आणि फळ्या फुटतात. घाईत एक दोर सुटला आणि दुसरा अडकला तर नाव उभी होते आणि माणसे समुद्रात पडतात. ‘लुसिटानिया’वर हे सगळे घडले. शिवाय जहाज थांबवता आले नव्हते, त्यामुळे पाण्याला टेकलेली नावही मागे फेकली जात होती.

म्हणून माझ्या मते नावांची संख्या हा दुसरा प्रश्न आहे. जहाज किती वेळ सरळ राहते, हा पहिला.

कलण्याला हातभार लावणारी आणखी एक साधी गोष्ट म्हणजे उघडे पोर्टहोल, केबिनीची गोल खिडकी. ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ 29 मे 1914 च्या पहाटे कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत धुक्यात ‘स्टॉर्स्टॅड’ या कोळसावाहू जहाजाची धडक बसून बुडाली. धडक उजव्या बाजूला, दोन धुराड्यांच्या मध्ये, म्हणजे बॉयलरच्या मोठ्या खोल्यांपाशी. पाणीबंद दरवाजे हाताने फिरवून बंद करावे लागत आणि तेवढी सवड मिळाली नाही. जहाज कलताच खालच्या केबिनींची उघडी पोर्टहोल पाण्याखाली गेली. हिशेब करून पाहा. 30 सेंटिमीटर व्यासाचे एक भोक पाण्याखाली एक मीटर असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे अकरा टन पाणी आत येते. अशी वीस भोके म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे टन, आणि तेही नेमके ज्या बाजूला नको त्याच बाजूला. जहाज आणखी कलते, वरची रांगही पाण्यात जाते. 14 मिनिटांत सगळे संपले. 1,477 पैकी 1,012 माणसे मेली. ‘टायटॅनिक’नंतर दोनच वर्षांनी घडलेले हे, आणि या वेळी नावा पुरेशा होत्या.

नावा वाढवणे कधी उलटतेही. शिकागोच्या ‘ईस्टलँड’ या सहलीच्या बोटीचा तोल मुळातच नाजूक होता. ‘टायटॅनिक’नंतरच्या नव्या नियमांसाठी तिच्या वरच्या डेकवर जादा नावा आणि तराफे चढवले, म्हणजे वजन वर गेले. 24 जुलै 1915 रोजी अडीच हजार माणसे घेऊन ती धक्क्यालाच उलटली आणि 844 जण मेले. आपल्याकडे ‘रामदास’ 1947 साली रेवसला जाताना उलटली, तिची आठवण मराठी माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

आता ‘इजिप्त’. 19 मे 1922 ला ती टिलबरीहून निघाली, 44 प्रवासी आणि 294 कर्मचारी घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास ब्रिटनीजवळ दाट धुके होते. ‘सेन’ हे फ्रेंच मालवाहू जहाज तिच्या डाव्या कुशीत घुसले. ‘सेन’ची नाळ बर्फ फोडता यावा म्हणून मुद्दाम बळकट केलेली होती, म्हणून जखम खोल झाली. ‘इजिप्त’ डावीकडे कलली आणि वीस मिनिटांच्या आत गेली. 86 माणसे मेली, त्यात 71 कर्मचारी आणि 15 प्रवासी. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी खापर भारतीय कर्मचाऱ्यांवर फोडले: ते घाबरले, नावांकडे धावले. चौकशीत मात्र कप्तानाचा परवाना सहा आठवड्यांसाठी निलंबित झाला. हे आवर्जून सांगायला हवे. कोणत्या नावेपाशी कोणी उभे राहायचे आणि कोणता दोर कोणाच्या हातात, हे निघण्याआधी अंगवळणी पाडणे अधिकाऱ्यांचे काम असते. कलत्या डेकवर, धुक्यात, वीस मिनिटांत ते कोणाला शिकवता येत नाही, मग तो माणूस बाणावलीचा असो वा लंडनचा.

या जहाजाची कीर्ती पुढे झाली ती दहा लाख पौंडांहून अधिक किमतीच्या सोन्याचांदीमुळे. बुडण्याची जागा वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळी पडत होती, म्हणून ते सापडायला 1930 चा ऑगस्ट उजाडला. शोधणारे इटालियन जहाज ‘आर्तिल्यो’ त्याच डिसेंबरात दुसऱ्या एका बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजाला सुरुंग लावताना स्फोटात नष्ट झाले आणि मुख्य पाणबुडे त्यात मेले. नवीन जहाज घेऊन काम पुढे चालले. सव्वाशे मीटरच्या आसपास खोलीवर पोलादी कोठडीत बसलेला माणूस काचेतून पाहून टेलिफोनवर सांगायचा आणि वरून सुरुंग नि पंजा सोडायचे. डेकमागून डेक उडवून जून 1932 मध्ये पहिले सोने वर आले.

घरातला कोणी तारवटी या जहाजांवर गेला असल्यास शोधाची वाट दोन्ही जहाजांसाठी वेगळी आहे. ‘पर्शिया’ युद्धात बुडाली, त्यामुळे युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पाहावे. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधले 1914–1918 चे स्मारक दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे. आडनावाची स्पेलिंगे अनेक असू शकतात, म्हणून जहाजाचे नाव आणि 30 डिसेंबर 1915 ही तारीख टाकून शोधणे सोपे जाते. ‘इजिप्त’ची माणसे तिथे मिळणार नाहीत, कारण पहिल्या महायुद्धासाठी त्या कमिशनची मुदत 31 ऑगस्ट 1921 ला संपते. त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांचे करारपत्र शोधावे लागते. ब्रिटिश जहाजांची 1863 ते 1938 पर्यंतची बहुतेक करारपत्रे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत.