सकाळी आठचे पॅरासिटामॉल

माझी मुलगी दीड वर्षाची असताना एका सोमवारी सकाळी तिचे अंग गरम लागले. त्या दिवशी कार्यालयात लेखापरीक्षण होते आणि रजा मागण्याची सोय नव्हती. म्हणून मी तिला पॅरासिटामॉल पाजले, ताप उतरेपर्यंत थांबले आणि पाळणाघराच्या काकूंना काहीही न सांगता तिला त्यांच्या हाती दिले. या औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, त्यामुळे दुपारी फोन येणारच होता. तोवर तिच्या तळहातांवर आणि तोंडात फोड दिसू लागले होते. शनिवारपर्यंत त्याच खोलीतल्या आणखी तीन मुलांना तेच झाले. काकू रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "अहो, सांगितलं असतंत तर मी तिला वेगळं निजवलं असतं."

डॉक्टरांनी ‘हँड, फूट अँड माउथ’ असे निदान केले. हा विषाणूजन्य आजार बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. मात्र फोड सुकल्यानंतरही कित्येक आठवडे विषाणू मुलाच्या शौचावाटे बाहेर पडत राहतो, ही गोष्ट मला नवी होती. म्हणजे मूल हसतखेळत परतल्यावरही खरी काळजी घ्यायची ती डायपर बदलताना. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या प्रकारच्या विषाणूंवर फारसा भरवशाचा नाही. साबण आणि वाहते पाणी घेऊन वीस सेकंद हात चोळणे हाच मार्ग, आणि तोही प्रत्येक मुलानंतर.

आम्ही पालक पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रे, खेळणी आणि कॅमेरे पाहतो. आता मला विचारावेसे वाटतात ते प्रश्न अगदीच रुक्ष आहेत: डायपर कुठे बदलता, तिथून हात धुण्याचा नळ किती पावलांवर आहे, आणि डबे उघडण्याची जागा त्यापासून वेगळी आहे का? न्हाणीघरात भरलेली बादली राहते का, हेही पाहावे, कारण रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे डब्यात देऊ नयेत, ही जबाबदारी मात्र आमची. खिडक्यांना जाळ्या हव्यात, कारण डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका पाळणाघराच्या वेळेत.

औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच मूल पाठवावे, हा नियम योग्य आहे. पण तो पाळण्यासाठी आईच्या किंवा बाबांच्या हाती रजा असावी लागते. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चारदा मुलाला भेटण्याची मुभाही दिली. आजारी मुलासाठीच्या रजेबद्दल मात्र त्या दुरुस्तीत काही नाही, आणि माझ्यासारख्यांच्या हातून सकाळी आठला जी लबाडी होते तिचे मूळ बव्हंशी तिथेच आहे. त्याने माझी चूक लहान होत नाही.

त्या प्रकारानंतर काकूंनी दाराशी एक वही ठेवली: रात्री ताप होता का, शेवटचे औषध कोणते व किती वाजता दिले, एवढेच दोन रकाने. पहिले काही आठवडे त्यात फक्त माझ्याच नोंदी होत्या. मग एके दिवशी शेजारच्या इमारतीतल्या एका बाबांनी लिहिले, "पहाटे साडेपाच, पॅरासिटामॉल", आणि मुलाला काकूंच्या हाती न देता ते त्याला परत घेऊन गेले.