गच्चीवरच्या एसीची जोडणी : पुरवठा, फेज आणि थर्मोस्टॅटच्या पाच तारा

सांगलीच्या गावभागातील आमच्या घराचा तळमजला २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेला होता. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. त्यानंतर तळमजल्याच्या हॉलला वातानुकूलन करायचे ठरले, तेव्हा एकच अट मनाशी पक्की केली : ज्यातून ४१५ व्होल्ट जातात असे काहीही खाली ठेवायचे नाही. म्हणून एका बंद झालेल्या शोरूममधून साडेसात टनांचे जुने पॅकेज युनिट (कॉम्प्रेसर आणि ब्लोअर एकाच पेटीत असलेला एसी) घेतले आणि ते गच्चीवर बसवले. डक्टचे काम मागच्या नोंदीत लिहिले आहे. या नोंदीत फक्त विजेचा पुरवठा आणि थर्मोस्टॅटची जोडणी आहे.

पुरवठ्याचे काम मी स्वतः केले नाही. थ्री-फेजची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. हौस म्हणून शिकायचे असेल, तर शेजारी उभे राहून शिकावे. युनिटच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा प्रवाह २२ अँपिअर लिहिला आहे. पहिल्या मजल्यावरच्या पॅनेलमध्ये ३२ अँपिअरचा डी-कर्व्ह एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप तुटणारा, पण सुरुवातीचा मोठा झटका सोसणारा स्विच) घेतला, कारण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याहून हळव्या सी-कर्व्हला पेलेलच, याची खात्री वाटत नव्हती. तिथून गच्चीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची चार कोअरची, एक्सएलपीई (उष्णता सोसणारे प्लॅस्टिक) आवरणाची, आर्मर्ड म्हणजे धातूच्या कवचाची, तांब्याची केबल नेली. प्रवाहाच्या हिशेबाने ४ चौरस मिलिमीटरची केबलही कदाचित चालली असती, परंतु एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गच्चीवरचा स्लॅब दुपारी हात टेकवता येणार नाही इतका तापतो आणि तापलेल्या केबलची वहनक्षमता घटते, हे धरूनच माप ठरवावे लागते. युनिटपासून चार पावलांवर, काम करणाऱ्याच्या नजरेसमोर राहील असा आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा हाताचा स्विच) बसवला. अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या युनिटच्या सांगाड्याला जोडल्या. केबल जोडण्यापूर्वी तिला ५०० व्होल्टचा मेगर (तारांचे आवरण शाबूत आहे का ते तपासणारे यंत्र) लावला, मात्र त्या वेळी युनिटच्या बाजूची टोके सुटीच ठेवली होती, कारण कंट्रोल बोर्डावर मेगरचा दाब गेला तर बोर्ड जळतो.

यानंतर फेजचा क्रम (तिन्ही फेज कोणत्या क्रमाने येतात, ज्यावर मोटर फिरण्याची दिशा ठरते) तपासला आणि सर्वांत जास्त वेळ याच कामात गेला. आमची कसबे डिग्रजला विहिरीवर मोटर आहे. तिथे मोटर उलटी फिरली की दोन तारा आलटून टाकायच्या, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. युनिट पहिल्यांदा फक्त पंख्यावर चालवले, तेव्हा पुतण्याने डक्टच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, “काका, वारा चांगला येतोय, म्हणजे क्रम बरोबर आहे.” हे अनुमान चुकीचे ठरते, आणि का ठरते ते इथे सविस्तर लिहितो. पिंजऱ्यासारख्या पात्यांचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त ती कमी येते. त्यामुळे हाताला लागणारा वारा हा पुरावा होत नाही. ब्लोअरच्या घरावरचा बाण आणि पुली कोणत्या दिशेला फिरते, हेच पाहावे लागते. आमच्या ब्लोअरची पुली बाणाच्या उलट दिशेला फिरत होती.

विहिरीवरच्या सवयीप्रमाणे आयसोलेटरवर दोन तारा आलटल्या असत्या, तर ब्लोअर सरळ झाला असता आणि काम संपले असे वाटले असते. त्याआधी फेज सिक्वेन्स मीटर लावला. आयसोलेटरवर येणारा क्रम अगदी बरोबर होता. म्हणजे दोष पुरवठ्यात नव्हता. जुन्या मालकाकडे कधीतरी ब्लोअरची मोटर बदलली गेली असावी आणि तिच्या दोन तारा तेव्हाच उलट्या लागल्या असाव्यात. आम्ही ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरच्या (कॉईलच्या चुंबकाने ओढला जाऊन मोटरला वीज देणारा स्विच) बाहेरच्या बाजूला, फक्त त्या मोटरच्या दोन तारा आलटल्या. मुळाशी तारा आलटल्या असत्या, तर युनिटमधले दोन्ही स्क्रोल कॉम्प्रेसर (एकाच दिशेने फिरून गॅस दाबणारे) उलटे फिरले असते. उलटा फिरणारा स्क्रोल मोठा आवाज करतो, नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेतो, गॅसचा दाब चढवत नाही आणि आतून तापून ओव्हरलोड संरक्षकामुळे बंद पडतो. पुन्हा पुन्हा तसे झाले तर तो कायमचा निकामी होतो. रस्त्यावरच्या लाइनचे काम झाल्यावर फेज उलटे होऊन येण्याचा अनुभव आमच्याकडे नवा नाही, म्हणून फेज उलटला किंवा एखादा गेला तर तोडणारा रिले बसवला आणि त्याचा संपर्क २४ व्होल्टच्या मुख्य तारेत घेतला.

आता कंट्रोलकडे वळतो. युनिटमधला ट्रान्सफॉर्मर दोन फेजमधून पुरवठा घेऊन २४ व्होल्ट देतो आणि त्याला ३८० व ४१५ व्होल्टचे असे दोन टॅप (पुरवठा जोडायची टोके) आहेत. दुय्यम बाजूला मीटरवर २७ व्होल्ट दिसले. आमच्याकडे त्या दिवशी ४२५ व्होल्टच्या आसपास पुरवठा होता आणि जोडणी मात्र ३८० च्या टॅपवर होती. जुन्या जागी व्होल्टेज कमी असावे. जोडणी ४१५ च्या टॅपवर नेल्यावर २५ च्या थोडे खाली आले.

हॉलमध्ये खाली येतात त्या फक्त पाच तारा : आर म्हणजे २४ व्होल्ट, सी म्हणजे परतीची, जी म्हणजे ब्लोअर, वाय-१ पहिला कॉम्प्रेसर आणि वाय-२ दुसरा. अंतर ३० मीटर आहे. घरात टेलिफोनच्या केबलचा गुंडाळा पडून होता, ०.५ मिलिमीटर व्यासाच्या तारांचा, आणि मी तोच वापरला. ही माझी चूक होती. वाय-१ ची मागणी येताच कॉन्टॅक्टर ओढला न जाता थरथरू लागला आणि मी ताबडतोब आयसोलेटर पाडला. थर्मोस्टॅट आरला वायशी जोडतो, त्यामुळे प्रवाहाला ३० मीटर खाली आणि ३० मीटर वर, असे ६० मीटर जावे लागते. इतक्या बारीक तारेचा तेवढ्या लांबीत रोध साडेपाच ओहमच्या जवळ जातो. कॉन्टॅक्टरची कॉईल धरून ठेवताना अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, परंतु ओढताना ती पूर्ण व्होल्टेजला क्षणभर अडीच अँपिअर मागते, आणि त्या क्षणी कॉईलवर जेमतेम १७ व्होल्ट उरतात. ओढण्यासाठी किमान ८५ टक्के, म्हणजे २० व्होल्टच्या वर, लागतात. कॉईल ओढत नसताना मीटर लावून ही उणीव कधीच दिसत नाही, म्हणून हा हिशेब मांडून दाखवला.

ती केबल काढून १ चौरस मिलिमीटरची सात कोअरची केबल घातली. रोध साधारण १ ओहमवर आला आणि दोन तारा राखीव राहिल्या. शिवाय युनिटमध्ये लहान रिले बसवले, म्हणजे थर्मोस्टॅटच्या नाजूक संपर्कांवर कॉईलचा झटका येत नाही. कंट्रोलची केबल पॉवरच्या केबलपासून वेगळ्या कंड्युटमधून नेली आहे आणि जिथे ओलांडावे लागले तिथे काटकोनात ओलांडले आहे. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (धारदार कड झाकणारे कडे) घालायला एका ठिकाणी विसरलो होतो, तिथे आरची तार खरवडली गेली आणि ३ अँपिअरचा फ्यूज उडाला. भोक गुळगुळीत करून ग्रोमेट घातले.

थर्मोस्टॅट जमिनीपासून दीड मीटरवर, आतल्या भिंतीवर, खिडकीपासून आणि थंड हवेच्या झोतापासून दूर लावला आहे. पुराच्या वेळी तो बुडू शकतो, म्हणून पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर एक पेटी ठेवली असून तिथे पाचही तारा खटक्याच्या कनेक्टरने सुटतात. पाणी वाढू लागले की तारा सोडवायच्या आणि थर्मोस्टॅट काढून वर न्यायचा. मग खाली जिवंत असे काही उरत नाही.

शनिवारी सकाळी मुख्य पुरवठा दिला आणि कॉम्प्रेसर मात्र रविवारी सकाळी चालवला. कॉम्प्रेसरच्या तळाशी असलेल्या हीटरला निदान १२ तास, शक्यतो २४ तास, मिळाले पाहिजेत, नाहीतर तेलात मुरलेला गॅस सुरू होतानाच उसळतो. यासाठीच एसी बंद ठेवताना थर्मोस्टॅटवरून बंद करावा, आयसोलेटर पाडू नये. वाय-१ आल्यावर ५ मिनिटांच्या विलंबाने पहिला कॉम्प्रेसर लागला, नंतर दुसरा. टाँग टेस्टरवर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे मीटर) तिन्ही फेजना १९ अँपिअरच्या आसपास प्रवाह आहे आणि परतीच्या व पुरवठ्याच्या हवेत १० अंशांचा फरक मिळतो.

निचऱ्याच्या ट्रेमध्ये फ्लोट स्विच (पाणी चढले की तोडणारा) बसवून तो वायच्या वाटेत घेणे आणि गच्चीवरच्या ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली बुचे) मृगाच्या आधी सीलबंद करणे, ही दोन कामे पुढच्या दोन रविवारी धरली आहेत.